तळ ढवळण्याआधी

एप्रिल २०२१मध्ये प्रशांत महासागरात साडेचार हजार मीटर खोलीवर ‘पटानिया २’ हे यंत्र बटाट्याएवढे धातूचे गोटे वेचत फिरले. मागे उडालेला ९२ ते ९८ टक्के गाळ तळापासून दोन मीटरच्या आतच राहिल्याचे मोजमापात दिसले.

उरलेला गाळ प्रवाहाबरोबर दूर जातो. तो कुठे बसेल, हे कणांचा आकार आणि तळाचा उतार यांवरही ठरते.

गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने १९९७मध्येच मध्य हिंदी महासागराचा तळ मुद्दाम ढवळून परिणाम तपासले होते. पेरूजवळ समुद्रतळावर १९८९मध्ये अशाच प्रयोगासाठी नांगरलेले चर तर २६ वर्षांनीही बुजले नव्हते. यंत्राने गाळ कमी उपसावा, सोडताना तळालगत सोडावा, हे उपाय आहेतच. पण गाळाची मर्यादा खाणकामाच्या परवान्याआधी ठरायला हवी, नंतर नव्हे.