लंडनचा जिना

लंडनहून परतल्यावर भेटेल तो पहिला प्रश्न विचारतो, "कोहिनूर पाहिलात का?" पाहिला. टॉवर ऑफ लंडनमध्ये सरकत्या पट्ट्यावर उभे राहून, पुढे ढकलले जात असताना जेवढा दिसतो तेवढा पाहिला. पण खरे सांगायचे तर, त्या शहराची आठवण काढली की माझ्या डोळ्यांसमोर हिरा येत नाही. येतो तो आमच्या हॉटेलचा जिना.

या प्रवासात माझ्या सोबतीला होत्या माझ्या थोरल्या जाऊबाई, माई. वय वर्षे बहात्तर. गुडघे त्याहूनही वडीलधारे! कै. भावोजींची सारी नोकरी ग्रंथालयात गेली. सयाजीराव महाराजांनी गावोगाव ग्रंथालये उभारली त्या बडोद्यात ग्रंथपाल होणे ही त्यांना केवढी अभिमानाची गोष्ट वाटे! ब्रिटिश म्युझियमची वर्तुळाकार वाचनशाळा एकदा डोळ्यांनी पाहावी, एवढी एकच हौस त्यांनी मनात बाळगली होती. त्यासाठी पोस्टात वेगळे खातेही होते. खाते भरले, माणूस मात्र राहिला नाही. "त्यांच्या वाटचे मी पाहून येईन," असे माई म्हणाल्या आणि आम्ही दोघी निघालो.

उतरलो पॅडिंग्टन स्थानकाजवळच्या एका लहानशा हॉटेलात. त्या भागातील पुष्कळशी हॉटेले म्हणजे गेल्या शतकाच्याही मागच्या शतकात एकेका सधन कुटुंबासाठी बांधलेली उंच, अरुंद घरे. बाहेरून पांढरीशुभ्र, देखणी. आत मात्र एका अंगाने चढावा असा जिना आणि लिफ्टचा पत्ता नाही! आमची खोली तिसऱ्या मजल्यावर. खोली आरक्षित करताना मी न्याहारीची चौकशी केली, स्नानगृहाची केली. लिफ्टची तेवढी केली नाही. त्यात सकाळी पोहोचलो, तर खोली दुपारनंतर मिळणार. बॅगा तिथेच ठेवून दिवसभर बागेत बसलो आणि संध्याकाळी चढायला लागलो.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर माई पायरीवरच बसल्या. दोन्ही हातांनी गुडघे धरून म्हणाल्या, "मी यायलाच नको होते गं. पैसे त्यांचे होते, इच्छाही त्यांचीच होती. मी उगीच मध्ये आले." मला काय बोलावे ते सुचेना.

कचेरीत बसणारी मुलगी आमचा आवाज ऐकून वर आली. तिच्या इंग्रजीवरून तीही परदेशीच असावी. तिने माईंकडे पाहिले, खाली गेली आणि पाच मिनिटांत तळमजल्यावरच्या खोलीची किल्ली घेऊन आली. ती खोली तिने दुसऱ्या कुणासाठी राखून ठेवली होती, हे मागाहून कळले. तिने आमचे गाव विचारले नाही, आडनाव विचारले नाही. फक्त बॅग उचलली.

पुढचे आठ दिवस सुखाचे गेले. प्रौढ वाचक-भगिनींसाठी अनुभवाचे चार शब्द सांगते. भुयारी रेल्वेच्या अनेक जुन्या स्थानकांत अजूनही पायऱ्याच पायऱ्या आहेत. त्यापेक्षा लाल बस बरी. तिचा तळ रस्त्यालगत असतो आणि बसून शहर पाहता येते. रोख पैसे मात्र २०१४ पासून बसमध्ये घेत नाहीत. बँकेचे कार्ड यंत्राला टेकवावे लागते. पहिल्या बसपासून तासाभरात दुसरी बस धरली तर पुन्हा भाडे पडत नाही. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमचे नेहमीचे दालन पाहण्यास तिकीट नाही. तेव्हा एकाच दिवसात सारे उरकण्याचा हट्ट नको. विजेच्या प्लगसाठी जोडणी घरूनच न्यावी. तसाच एक तांब्याही न्यावा. याचे कारण सुज्ञांस सांगणे न लगे!

१८५७ साली उघडलेल्या त्या वाचनशाळेचा घुमट १४० फूट व्यासाचा. तेथील ग्रंथ १९९७ नंतर सेंट पँक्रस येथील ब्रिटिश लायब्ररीच्या नव्या वास्तूत गेले. आता काचेच्या छताखाली ती गोल इमारत उभी आहे. माईंनी तिला सावकाश एक प्रदक्षिणा घातली आणि भिंतीला हात लावला. एवढेच.

पण या प्रवासातील खरा दिवस निराळाच होता. याच ग्रंथालयात दिवसभर वाचीत बसणारे एक विद्यार्थी म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९२१-२२ मध्ये ते किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरात राहत. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते घर विकत घेतले. आज तेथे स्मारक आहे. प्रिमरोज हिलच्या टेकडीजवळची ती शांत वस्ती. दारावरची निळी तबकडी वाचून माई बराच वेळ उभ्याच राहिल्या.

बडोदेकरांस पुढची हकिगत नवी नाही. १९१३ साली आपल्याच संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब अमेरिकेस गेले. १९१७ साली करारानुसार नोकरीसाठी बडोद्यास आले, तेव्हा एवढ्या विद्वान माणसाला या शहरात राहायला जागा मिळाली नाही. पारशी नाव लावून ते एका पारशी सरायीत उतरले. तेथूनही काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. मग ते जाऊन बसले आपल्या कमाठीबागेत. लंडन काही देवभूमी नव्हे. ती तर आपल्यावर राज्य करणाऱ्यांची राजधानी. तरीही तेथे त्यांना अभ्यासापुरती खोली मिळाली, आणि बडोद्यात मिळाली नाही.

परतताना बसमध्ये माई म्हणाल्या, "गेल्या वर्षी माडीवरची खोली बघायला तो कॉलेजातला मुलगा आला होता, आठवतो?"

आठवत होता. माईंनी त्याला चहा दिला, मग आडनाव विचारले, आणि "खोली कालच गेली हो," असे सांगितले. खोली त्यानंतर चार महिने रिकामी होती. मी शेजारीच बसले होते. एक शब्दही बोलले नव्हते.

"तोही त्या दिवशी कुठेतरी बागेत जाऊन बसला असेल," माई म्हणाल्या. मी खिडकीबाहेर पाहत राहिले. शंभर वर्षांपूर्वीच्या बडोद्याला नावे ठेवणे किती सोपे आहे! दांडिया बाजारातल्या आमच्या माडीचे काय?

घरी आल्यावर आम्ही त्या मुलाचा शोध घेतला. नाव अर्धवट आठवत होते, पत्ता ठेवलेलाच नव्हता. तो सापडला नाही. काही चुकांची भरपाई ज्याची त्याला करता येत नाही, हे या वयात शिकले.

मागल्या महिन्यात माडीवरच्या खोलीसाठी एक मुलगी आली. इस्पितळात परिचारिका आहे. दलालाने सवयीप्रमाणे माईंना बाजूला घेऊन सांगायला आरंभ केला, "माई, ही मंडळी म्हणजे—"

"ते राहू द्या," माईंनी त्याला मध्येच थांबवले आणि त्या मुलीकडे वळून विचारले, "आमचा जिना जरा उभा आहे हो. चढायला त्रास नाही ना होणार तुला?"