कर्ज काढून जलदान नको

घरातले माणूस गेले की वस्तीत पहिला प्रश्न पैशाचा. दवाखान्यात होते नव्हते ते आधीच संपलेले असते. तरी लोक काय म्हणतील म्हणून व्याजाने पैसे काढून जलदान विधीला मांडव घालतो, पंगती उठवतो. पुढे हप्ते फेडताना मागे राहिलेल्या आईची बीपीची गोळी बंद होते. हे आम्हाला पटत नाही.

आमचे म्हणणे एवढेच, माणूस हयात असतानाच घरात बसून ठरवा. जवळ विद्युतदाहिनी असेल तर तीच निवडा. शेकडो किलो लाकूड वाचते. नेत्रदान करायचे तर नेत्रपेढीला लगेच कळवा, कारण डोळे 6 तासांच्या आत काढावे लागतात. तोवर पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवा, पंखा बंद करा, डोक्याखाली उशी द्या. चेहरा विद्रूप होत नाही. मृत्यूची नोंद 21 दिवसांत करा.

जलदान विधी विहारात त्रिसरण-पंचशील घेऊन साधेपणाने होतो. वाचलेल्या पैशांतून आधी आईचे औषध आणू, मग अभ्यासिकेला पुस्तके देऊ. खरे पुण्यानुमोदन तेच.

जय भीम!