मूळ सापडलं, पावती घ्या

मुळशीजवळच्या एका रिसॉर्टच्या हॉलमध्ये योगा मॅटवर उताणी पडून मी माझ्या सुप्त भीतीचं मूळ शोधत होते. दोन दिवस, एक रात्र, सात्त्विक जेवण, १८ हजार रुपये, जीएसटी वेगळा. सात्त्विक जेवणात आइस्क्रीम होतं, त्यामुळे जेवणाबद्दल तक्रार नाही. तक्रार मुळाबद्दल आहे.

शिबिर घेणारे सर पूर्वी विमा विकायचे, असं त्यांनीच सांगितलं. म्हणजे भीतीच्या धंद्यात जुनेच. डोळे मिटा, म्हणाले, आणि भीती कुठे बसलीय ते शरीराला विचारा. मी विचारलं. उत्तर लगेच आलं, कारण ते मला तीसेक वर्षं पाठ आहे: तळपायांत.

मी औसा तालुक्यातली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला थोडा वेळ असताना किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा अकरा वर्षांची होते. गणपती बोळवून लोक दमून झोपलेले. दगडमातीच्या रुंद भिंती, वर लाकडांवर मातीचं जाड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच छत झोपलेल्यांवर आलं. सुमारे १० हजार माणसं गेली. 'धाबं दणाणलं' हा पुण्यात वाक्प्रचार आहे. आमच्याकडे धाबं, म्हणजे हेच मातीचं छत, खरोखर दणाणलं होतं. आमच्या घराची एकच भिंत गेली, आम्ही वाचलो. पण आज सातव्या मजल्यावर वॉशिंग मशीन कपडे पिळायला लागलं की ते आधी माझ्या तळपायांना कळतं, कानांना मागाहून. पोटऱ्या ताठ होतात, अंगठे फरशी धरू बघतात.

हे मी सरांना सांगितलं. ते मंद हसले. "हा वरचा थर झाला. याच्या खाली जा. आईशी नातं कसं होतं?"

दहा हजार माणसं गाडली गेली, तो वरचा थर! आणि खाली कोण, तर माझी आई. त्या पहाटे मला आणि भावाला बखोटीला धरून अंगणात फेकणारी आई.

माझं भांडण शरीराकडे लक्ष देण्याशी नाही. शरीराला कळतं, हे मला कुणी शिकवायला नको. जिनिव्हाचे डॉक्टर एदुआर क्लापारेद यांनी १९११ मध्ये एका रुग्ण बाईची हकीकत लिहिली. तिला नवं काहीच लक्षात राहत नसे. डॉक्टरांनी बोटांत टाचणी लपवून तिच्याशी हात मिळवला. पुढे पुन्हा हात पुढे केला तर तिनं आपला मागे घेतला. का, ते तिला सांगता येईना. लोक कधीकधी हातात टाचण्या लपवतात, असं काहीसं ती म्हणाली, पण आपल्याला टोचली होती हे मात्र तिला आठवत नव्हतं. मला या गोष्टीत जे दिसतं ते एवढंच: भीती हाताला माहीत होती, कथा माहीत नव्हती. पोटात गोळा येतो, छातीत धस्स होतं, घशाला कोरड पडते, बोबडी वळते. मराठीनं भीतीचे पत्ते अंगावर केव्हाच लिहून ठेवलेत. कारण मात्र यातल्या एकाही पत्त्यावर लिहिलेलं नाही.

शिबिरवाल्यांचं दुकान चालतं ते नेमकं या रिकाम्या जागेत. शरीर गप्प बसलं की सर बोलतात. वडिलांचा धाक, आईचा नकार, गर्भातला धक्का, आणि गिऱ्हाईक चिवट निघालं तर मागचा जन्म. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २४ जणांना, लहानपणी तुम्ही मॉलमध्ये हरवला होतात, अशी न घडलेली गोष्ट घरच्यांच्या हवाल्यानं सांगितली. त्यातल्या साधारण चौथ्या हिश्श्याला ती पूर्ण किंवा थोडीफार 'आठवली'. तिथे अंधार नव्हता, बासरीची कॅसेट नव्हती, डोक्यावर हात ठेवणारे सरही नव्हते. आमच्या हॉलमध्ये हे सगळं होतं.

दुपारी जोरजोरात श्वास घ्यायला लावले, पाऊण तास. बऱ्याच जणांच्या हातांना मुंग्या आल्या, दोघांची बोटं वाकडी झाली, एकजण हुंदके देऊ लागला. "साठलेली भीती बाहेर पडतेय!" सर म्हणाले. बाहेर पडत होता तो कार्बन डायऑक्साइड. गरजेपेक्षा जास्त श्वास घेतला की रक्तातला तो वायू घटतो, मुंग्या येतात, बोटं आवळतात, डोकं हलकं होतं. हे शरीरशास्त्र आहे, पूर्वसंचित नव्हे. टेबलावर मानसिक आघात आणि शरीर यांवरचं, बेसेल व्हॅन डर कोल्क यांचं 'द बॉडी कीप्स द स्कोअर' शोभेला ठेवलं होतं. पुस्तक २०१४ चं, पण पानं अजून कोरी करकरीत.

माझ्या शेजारच्या मॅटवरच्या बाईंचा जबडा सतत आवळलेला असे. त्यांना गर्भातली भीती निघाली. चहाच्या वेळी त्या हळूच म्हणाल्या, नवऱ्याची नोकरी जाऊन सात महिने झाले, सासरी अजून सांगितलेलं नाही, आणि घराचा हप्ता दर पाच तारखेला जातो. त्यांच्या जबड्याला गर्भ आठवत नव्हता, पाच तारीख आठवत होती. पण पाच तारखेवर शिबिर भरवता येत नाही. भीती 'सुप्त' ठरवली की बँक सुटते, कंपनी सुटते, सासर सुटतं. उरतं गिऱ्हाईक आणि त्याचं बालपण.

आता माझ्यावरही उलटणारं एक सांगते. दर वर्षी विसर्जनाच्या रात्री मी घरात कुणाशी तरी भांडते. ढोलाच्या आवाजाचा त्रास होतो, असं मीच सांगत आले. दोन वर्षांपूर्वी गॅलरीत उभी असताना लक्षात आलं की ढोल वाजत असताना माझं पोट मऊ असतं. गोळा येतो तो ढोल थांबल्यावर, गल्ली चिडीचूप झाल्यावर. ती शांतता १९९३ ची, असं मी जोडून घेतलं. जोडून घेतलं, असंच म्हणते. सापडलं म्हणण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही. क्लापारेदांच्या बाईसारखी मीही हाताला शोभेलशी गोष्ट रचत असेन. पण त्या रात्री आता रेडिओ लावून ठेवते आणि भांडण होत नाही. याला कुणी फी घेतली नाही.

गेल्या महिन्यात गावी आईला शिबिराची सगळी हकीकत सांगितली. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतली.

"नुसतं निजायचे अठरा हजार घेतले व्हय?"

"जेवण होतं त्यात."

"मग बरं," म्हणाली, उशाशी बॅटरी ठेवली, आणि रोजच्यासारखी दाराला कडी न लावता झोपली.