पुस्तक फुकट, मॉड्यूलला हजारो रुपये. मग गणित शिकवतंय कोण?

अकरावीचे प्रवेश सुरू झाले की दरवर्षी फोन येतात. "भाऊ, पोरगं सायन्सला घातलंय, गणिताला कोणतं पुस्तक घेऊ?" पाथर्डी, शेवगाव, जामखेड, अकोले, सगळीकडून हाच प्रश्न. आणि बहुतेक वेळा उत्तर पालकाच्या हातात आधीच कोंबलेलं असतं: क्लासच्या मॉड्यूलचा गठ्ठा. फी भरा, गठ्ठा घ्या, गप्प बसा.

आधी एक गोष्ट मान्य करू. आपल्याकडे 'होमस्कूलिंग' म्हटलं की लोकांना पुण्या-मुंबईची चैन वाटते. पण कॉलेजात फक्त नाव, वर्गात पाय नाही, हे काय आहे? मुक्त विद्यालयातून बारावी करणारी पोरं आहेत. क्लासची फी झेपत नाही म्हणून घरीच बसून अभ्यास करणारी पोरगी आहे. ही सगळी घरीच शिकतात. फरक इतकाच की त्यांना कोणी शिकवत नाही. अशा मुलाला पुस्तक हाच मास्तर. म्हणून पुस्तक कोणतं, हा प्रश्न किरकोळ नाही.

आता हिशोब बघा. सीईटीला गणिताचे 50 प्रश्न, 100 गुण. साधारण 80 टक्के बारावीवर, 20 टक्के अकरावीवर. अभ्यासक्रम आपल्या राज्य मंडळाचाच. बालभारतीची ही पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट आहेत. निर्धारक आणि मॅट्रिक्स अकरावीच्या पहिल्या भागात, लिमिट आणि डेरिव्हेटिव्ह दुसऱ्या भागात, इंटिग्रेशन बारावीच्या दुसऱ्या भागात. एनसीईआरटी फुकट. मुक्त विद्यालयाचं साहित्यही फुकट. मग हजारो रुपये कशाचे घेता? सूत्रांच्या यादीचे आणि 'ट्रिक'चे.

क्लासवाले म्हणतील, स्पर्धा आहे, सराव लागतो. लागतोच, नाही कोण म्हणतंय? पण न कळलेल्या गोष्टीचा सराव म्हणजे रिकाम्या विहिरीवर मोटार चालवणं. बिल येतं, पाणी येत नाही.

कळणं म्हणजे काय, ते सांगतो. पावसाळ्यात मुळा धरणाची बातमी आम्ही रोज देतो. आवक क्युसेकमध्ये, साठा दलघफूमध्ये. आवक म्हणजे साठा कोणत्या वेगाने बदलतोय ते, हेच डेरिव्हेटिव्ह. क्षणाक्षणाची आवक बेरजेत धरली की साठा किती वाढला ते निघतं, हेच इंटिग्रेशन. 11,574 क्युसेकने चोवीस तास पाणी आलं की 1 टीएमसी भरतं. मुळाची क्षमता 26 टीएमसी. राहुरीच्या शेतकऱ्याला हा हिशोब तोंडपाठ असतो. त्याच्याच पोराला मात्र इंटिग्रेशन म्हणजे सापासारखं एक चिन्ह आणि त्यापुढचं पाठांतर. हा पोराचा दोष नाही, शिकवण्याचा आहे.

तेव्हा पुस्तक घेताना तीन गोष्टी बघा. एक, नियम देण्याआधी तो 'का' हे सांगतं का? दोन, सोडवलेली उदाहरणं सोप्याकडून अवघडाकडे जातात का? तीन, मागे उत्तरं आहेत का? घरी शिकणाऱ्याला चूक दाखवायला दुसरं कोणी नसतं.

माझा क्रम असा. पाया बालभारतीचा, सगळी उदाहरणं वहीत सोडवून. मग एनसीईआरटी. कॅल्क्युलसची भीती घालवायला सिल्व्हेनस थॉम्पसनचं 1910 सालचं 'कॅल्क्युलस मेड इझी'. जुनं आहे म्हणून ते नेटवर मोफत मिळतं. मॅट्रिक्सच्या पुढे जायचं असेल तर एमआयटीच्या गिल्बर्ट स्ट्रँग यांची व्याख्याने मोफत आहेत. ती बारावीनंतर बघा, घाई नको. एका वेळी एकच पुस्तक, पण शेवटपर्यंत. पाच पुस्तकं अर्धवट वाचून कोणी शहाणं झालेलं नाही.

खरी अडचण पुढे आहे. दहावीपर्यंत मराठीत शिकलेलं पोर अकरावीत एकदम इंग्रजी पुस्तकापुढे बसतं. गणित अडत नाही, वाक्य अडतं. 6 जानेवारीला आम्ही पत्रकार बाळशास्त्री जांभेकरांच्या फोटोला हार घालतो, 1832 साली 'दर्पण' काढलं म्हणून. तेच बाळशास्त्री एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवायचे आणि 'शून्यलब्धि' हे कलनावरचं पुस्तक त्यांनी मराठीत लिहिलं. जवळपास दोनशे वर्षांपूर्वी जे जमलं, ते आज आपल्याला का जमू नये?

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक तालुक्याच्या वाचनालयात या पुस्तकांच्या छापील प्रती ठेवा. मोबाईलच्या स्क्रीनवर गणित होत नाही. अनुदानित कॉलेजांनी आपलं ग्रंथालय बाहेरच्या विद्यार्थ्यांना आठवड्यातून दोन दिवस उघडं ठेवावं. आणि गणिताच्या शिक्षकांनी मिळून अकरावीच्या शब्दांची मराठी-इंग्रजी यादी करावी, चार पानांची. निवृत्त गुरुजींनो, हे काम तुमचंच आहे.

ऊसतोडीला गेलेल्या आईबापाचं पोर हुशार नसतं, असं कोणी म्हणत नाही. पण ते फी भरू शकत नाही म्हणून त्याने इंजिनिअरिंगचा विचारच सोडायचा, हे मात्र आपण सगळ्यांनी मुकाट मान्य केलंय. मला ते मान्य नाही. तुम्हाला आहे का?

पटलं तर गावातल्या ग्रुपवर टाका. नसेल पटलं तर खाली लिहा, पण पुस्तक उघडून बघितल्यावर.