दालनाचे दार उघडले. पण वाद्य कुणाच्या हाती?

संगीताला जात नसते, असे या देशात वारंवार ऐकवले जाते. ऐकवणारे बहुधा सभागृहाच्या पहिल्या रांगेत बसलेले असतात. मृदंगावर चामडे कुणी चढवले, हलगी कुणी तापवली, सनई कुणी फुंकली आणि मैफिलीत लोडाला टेकून कोण बसले, हे प्रश्न आम्ही विचारले की मात्र 'कलेत राजकारण आणू नका' असे सांगितले जाते. आज आम्ही हाच प्रश्न एका अनोळखी वाटणाऱ्या संगीताच्या निमित्ताने विचारणार आहोत. वाचकांनी 'हे आपले नाही' म्हणून पान उलटू नये, ही विनंती.

पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतात 'पियानो ट्रिओ' नावाचा प्रकार आहे. पियानो, व्हायोलिन आणि चेलो अशी तीन वाद्ये, तीन वादक. चेलो म्हणजे व्हायोलिनच्याच कुळातले, पण गुडघ्यांमध्ये उभे धरून वाजवायचे मोठे, भरदार आवाजाचे वाद्य. या संगीताला 'चेंबर म्युझिक' म्हणतात. चेंबर म्हणजे खोली, दालन. हे दालन युरोपातल्या राजेरजवाड्यांचे आणि सरदारांचे होते. निमंत्रण असेल त्यालाच आत प्रवेश मिळे. आज हेच संगीत थेट प्रक्षेपणाने जगभर ऐकता येते. २०२० च्या टाळेबंदीत सभागृहांना कुलपे लागली तेव्हा जगातल्या नामांकित वादकांनी आपल्या घरातून मोबाइलसमोर बसून कार्यक्रम केले. दोन-अडीचशे वर्षे बंद असलेले दालन कुणालाही तिकिटाशिवाय उघडे झाले.

आता आम्ही नवापूरकडे येतो. नंदुरबार जिल्ह्यातला हा सीमेवरचा तालुका. नवापूरच्या रेल्वे स्टेशनचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातमध्ये आहे. १९६० साली दोन राज्ये वेगळी झाली आणि रेघ स्टेशनातून गेली. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात दर शंभरातले सुमारे ६९ लोक अनुसूचित जमातींचे आहेत. मावची, भिल्ल, कोकणा, गावित यांचा हा मुलूख. इथली शेकडो कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीला गुजरातकडे जातात. अशा ठिकाणी पियानो ट्रिओचे काय काम, असे कुणीही विचारील.

काम आहे. नवापूर भागातल्या लग्नात कोण वाजवतो ते पाहा. ढोल आणि पावरी तर आहेतच, पण गेल्या काही वर्षांत कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड घेऊन वाजवणारी आदिवासी पोरांची बँड पथकेही उभी राहिली आहेत. रात्रभर नाच चालतो आणि पोरगा कीबोर्डवरून बोट उचलत नाही. त्याला सुरांची लिपी कुणी शिकवलेली नाही. ऐकून ऐकून त्याने बोटे बसवली आहेत. कीबोर्डच्या पट्ट्या पियानोच्याच पट्ट्या आहेत. पियानोचा दूरचा भाऊबंद नवापूरच्या मांडवात आधीच आलेला आहे. आला नाही तो फक्त शिक्षक.

त्याच वेळी मुंबईत काय चित्र आहे? नरिमन पॉइंटला १९६९ मध्ये स्थापन झालेले नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स, म्हणजे एनसीपीए, उभे आहे. तिथे २००६ मध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला. संस्थेचे काम मोठे आहे, त्याबद्दल आम्हाला कमीपणाने बोलायचे नाही. पण या भारतीय ऑर्केस्ट्रात अनेक वादक परदेशातून आणावे लागले. सव्वाशे कोटींच्या वर लोकसंख्या असलेल्या देशाला व्हायोलिन आणि चेलो वाजवणारे पुरेसे हात का मिळू नयेत? बोटे नाहीत म्हणून? की बहुसंख्य बोटांपर्यंत वाद्य कधी पोहोचूच दिले नाही म्हणून? ज्या देशाने हजारो वर्षे गुणवत्ता जन्मावरून ठरवली, त्या देशावर गुणवत्ता आयात करण्याची पाळी येते, यात आम्हाला नवल वाटत नाही.

युरोपातही या दालनाचा इतिहास सरळ नाही, आणि तो बहुजनांनी समजून घेण्यासारखा आहे. हायडन हा या संगीताचा एक जनक. १७६१ मध्ये तो एस्टरहाझी सरदारांच्या चाकरीत रुजू झाला तेव्हा त्याच्या करारात पोशाख कसा असावा हेही लिहिलेले होते. रोज धन्याच्या दालनाबाहेर हजर राहून आज काय वाजवायचे, याचा हुकूम त्याने विचारायचा. त्याने लिहिलेल्या संगीतावर मालकी धन्याची. मोझार्टला १७८१ मध्ये त्याच्या धन्याने, साल्झबर्गच्या आर्चबिशपने, आचारी आणि खिदमतगारांच्या पंगतीला बसवले. तो चिडला आणि त्याच वर्षी त्याने ती चाकरी सोडली. संगीत निर्माण करणारा दालनात असूनही मानाने पाहुण्यांच्या खालचा होता. आमच्याकडे हलगीवाला मांडवाच्या दारात वाजवतो आणि जेवायला सगळ्यांच्या शेवटी बसतो, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

या तीन वाद्यांमध्येही एक उतरंड होती. हायडनच्या काळात अशा रचना 'पियानोसाठी, व्हायोलिन आणि चेलोच्या साथीसह' म्हणून छापल्या जात. चेलोचे काम बहुतेक वेळा पियानोवाल्याच्या डाव्या हाताची री ओढण्याचे. १७९५ मध्ये बेटोव्हेनने आपल्या पहिल्या क्रमांकाच्या प्रकाशनात तीन ट्रिओ दिले आणि चेलोला स्वतःचे बोलणे दिले. पुढे १८११ च्या 'आर्चड्यूक' ट्रिओत तीनही वाद्ये एकमेकांचे ऐकतात, उत्तर देतात, वाद घालतात आणि कुणीही कुणाचा गडी नसतो. फ्रान्समध्ये १७८९ साली क्रांती झाली होती, हा काळाचा संदर्भ आम्ही सहज म्हणून सांगत नाही. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता म्हणजे काय, हे शब्दांशिवाय ऐकायचे असेल तर चांगला ट्रिओ ऐकावा.

पण त्या युरोपातही नावे पुसली गेलीच. जॉर्ज ब्रिजटॉवर हा आफ्रिकी वंशाच्या पित्याचा मुलगा, अव्वल व्हायोलिनवादक. १८०३ साली व्हिएन्नात त्याने व्हायोलिन आणि स्वतः बेटोव्हेनने पियानो घेऊन एक नवी सोनाटा पहिल्यांदा वाजवली. ती त्याच्यासाठीच लिहिलेली होती. पुढे दोघांचे बिनसले आणि बेटोव्हेनने ती क्रॉइट्झर नावाच्या दुसऱ्या व्हायोलिनवादकाला अर्पण केली. आज जग तिला 'क्रॉइट्झर सोनाटा' म्हणते. आमच्याकडे तर वाद्य घडवणाऱ्यांची नावे मुळात लिहिलीच गेली नाहीत. गायक टी. एम. कृष्णा यांनी २०२० साली मृदंग बनवणाऱ्या कारागिरांवर 'सेबॅस्टियन अँड सन्स' हे पुस्तक लिहिले, तेव्हा कुठे अनेकांना कळले की ज्या वाद्याला देवासमोर पूजतात त्याचे कातडे कमावणारे बहुतेक हात दलितांचे आहेत.

मग दार उघडले की काय होते? इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचे कॅनेह-मेसन कुटुंब बघा. आईचा जन्म सिएरा लिओनचा, वडिलांकडचे मूळ अँटिग्वाचे. सात भावंडे, सातही वादक. त्यांतला शेकू साध्या सरकारी शाळेत शिकला, शिष्यवृत्तीवर रॉयल अकॅडमीच्या मुलांच्या वर्गात गेला, आणि २०१६ मध्ये बीबीसीची युवा वादक स्पर्धा जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय ठरला. तो चेलोवर, बहीण ईसाटा पियानोवर, भाऊ ब्रेमा व्हायोलिनवर, असा या भावंडांचा ट्रिओ आहे. २०२० च्या टाळेबंदीत या कुटुंबाने आपल्या घरातल्या खोलीतून कार्यक्रम थेट जगाला ऐकवले. एका काळी ज्यांच्या पूर्वजांना गुलाम म्हणून विकले, त्यांच्या वंशजांच्या घरातली खोली आता जगाचे दालन झाली. हे नुसत्या कॅमेऱ्याने घडलेले नाही. त्याआधी शाळा होती, शिक्षक होते, शिष्यवृत्ती होती आणि वाद्य घरात आलेले होते.

म्हणूनच आमचे म्हणणे असे आहे की थेट प्रक्षेपण हे दार आहे, हक्क नव्हे. दारातून आत डोकावणारा श्रोता होतो, पण ज्याच्या हातात वाद्य आहे तोच वादक होतो. आमच्या माणसाला शतकानुशतके दारात उभे राहून ऐकण्याची सवय लावली गेली. आता मोबाइलच्या पडद्यासमोर तो पुन्हा दारातच उभा राहणार असेल तर यात नवे ते काय? त्यातही डोंगरपाड्यांवर रेंज नसते, वीज जाते. टाळेबंदीत पाड्यावरच्या मुलांच्या ऑनलाइन शाळेचे काय झाले ते सगळ्यांनी पाहिले आहे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की पोटाला नाही तिथे पियानो कशाला? आम्ही विचारतो, पोटाचा प्रश्न सुटेपर्यंत आमच्या मुलांनी बाकी सगळे प्रस्थापितांसाठी राखून ठेवायचे, हे कुणी ठरवले? बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आयुष्याच्या उत्तरार्धात, संविधानाच्या आणि चळवळीच्या प्रचंड कामातही व्हायोलिन शिकायला घेतले. ते व्हायोलिन आज पुण्यात सिम्बायोसिसच्या आंबेडकर संग्रहालयात जपलेले आहे. ज्यांना वाटते की ही वस्तू आपली नाही, त्यांनी एकदा जाऊन ते बघून यावे.

दुसरा आक्षेप असा की हे परक्यांचे संगीत आहे, आदिवासींनी आपला ढोल वाजवावा. ढोल वाजवावाच. भोपळा, बांबू आणि मेण यांतून घडणारी पावरी जगात कुठल्याही वाद्याच्या शेजारी ठेवावी अशी आहे. पण आम्हाला या प्रेमाचा संशय येतो. २६ जानेवारीच्या संचलनात आदिवासीला पिसे लावून नाचवायचे, टाळ्या द्यायच्या, आणि त्याने कीबोर्डवर नवी चाल बांधली की 'संस्कृती बिघडली' म्हणून गळा काढायचा. स्वतःच्या मुलांना पियानोच्या शिकवणीला पाठवणारेच आमच्या मुलांना ढोलाचा उपदेश करतात. काय वाजवायचे हे वाजवणारा ठरवील. भीमराव कर्डकांच्या जलशांनी हार्मोनियम घेतली तेव्हा ती पेटी युरोपातून आलेली आहे म्हणून कुणी थांबले नाही. तिने चळवळीचे काम केले, ती आपली झाली.

मग करायचे काय? पहिली गोष्ट कायद्यातच आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या ज्या शाळेत शंभरावर मुले आहेत तिथे कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक द्यावेत असे लिहिले आहे. नवापूर तालुक्यातल्या किती शाळांत कलेचा निदेशक आहे, तो संगीत जाणतो काय, हे पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीत आणि माहितीच्या अधिकारात विचारावे. आश्रमशाळांबाबत हाच प्रश्न आदिवासी विकास विभागाला विचारावा. भीक मागू नये, कायदा दाखवावा.

दुसरी गोष्ट, हे होऊ शकते याचा दाखला शेजारी गोव्यात आहे. डॉ. लुईस डायस यांनी २००९ मध्ये चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन सुरू करून वंचित मुलांच्या हाती व्हायोलिन आणि चेलो दिले. त्यामागे व्हेनेझुएलात १९७५ मध्ये सुरू झालेल्या 'एल सिस्टेमा' चळवळीची प्रेरणा होती. जे पणजीत होते ते नवापुरात का होऊ नये? सुरुवात चेलोने होणार नाही, हे आम्हालाही कळते. सुरुवात त्या बँडमधल्या पोराच्या कीबोर्डपासून करावी. त्याला सुरांची लिपी शिकवावी आणि त्यानेच पाड्यावरच्या लहानांना शिकवावी.

तिसरी गोष्ट आपल्या हातातली आहे. जिथे रेंज आणि वीज आहे अशा बुद्धविहारात, समाजमंदिरात महिन्यातून एकदा पडदा लावावा. एखाद्या ट्रिओचा कार्यक्रम सर्वांनी मिळून ऐकावा, जाणकाराने चार शब्द सांगावेत. आणि त्याच ठिकाणाहून आपल्या ढोल-पावरीचा, आपल्या बँडचा कार्यक्रम आपल्या नावाने, आपल्या खात्यावरून, वादकांची नावे स्पष्ट देऊन थेट प्रसारित करावा. व्हिएन्नाचे आपण ऐकू, पण नवापूरचेही व्हिएन्नाने ऐकावे. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली तरच तिला समता म्हणता येईल.

१९२७ साली महाडला आमच्या माणसांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. ते पाणी इतरांच्या पाण्यापेक्षा गोड होते म्हणून नव्हे, तर ते सार्वजनिक होते आणि आम्ही माणसे होतो म्हणून. जगातले उत्तम संगीतही असेच सार्वजनिक तळे आहे. काठावर उभे राहून बघणे पुरे झाले. नवापूरच्या पालकांनो, येत्या शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत निदेशकाचा प्रश्न मांडा आणि त्याचे लेखी उत्तर घ्या.

जय भीम! जय जोहार!