स्वप्नांतला मारेकरी

निद्रेला आपण मातेसमान मानतों. दिवसभराचे श्रम, चिंता, भांडणें हीं सारीं तिच्या ओटींत टाकून मनुष्य निःशंक होतो. मुलास झोप लागली कीं घरांतील वडील माणसेंही निश्चिंत होतात; निदान सकाळपर्यंत त्याच्या केसालाही धक्का लागणार नाहीं, असा त्यांचा समज असतो. नेमका याच समजावर घाव घालणारा एक अमेरिकन चित्रपट इ. स. १९८४ च्या नोव्हेंबरांत प्रदर्शित झाला. ‘अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’, म्हणजे एल्म मार्गावरील दुःस्वप्न, हें त्याचें नांव. रक्तपाताचे चित्रपट आमच्या सर्वच वाचकांस रुचतील असें नाहीं. तथापि या चित्रपटाची जन्मकथा आईबापांनीं ऐकण्याजोगी आहे.

त्याचे लेखक व दिग्दर्शक वेस क्रेव्हन (१९३९–२०१५) हे पूर्वाश्रमीचे अध्यापक. चित्रपट पाहणें जेथें जवळजवळ पाप समजलें जाई, अशा कर्मठ बॅप्टिस्ट कुटुंबांत ते वाढले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत तत्त्वज्ञान व लेखन या विषयांचें उच्च शिक्षण घेऊन त्यांनीं कांहीं काळ महाविद्यालयांत शिकविलें, आणि मग ती स्थिर नोकरी सोडून ते चित्रपटांकडे वळले. या कथेचें बीज त्यांना वृत्तपत्रांत सांपडलें. लाओस आदि आग्नेय आशियांतील देशांतून युद्धामुळें परागंदा होऊन अमेरिकेंत आलेल्या निर्वासितांपैकीं कांहीं धडधाकट तरुण रात्रीं झोंपेंतच मरण पावत होते. क्रेव्हन सांगत कीं, त्यांतील एक मुलगा दुःस्वप्नांस भिऊन झोंपण्याचेंच नाकारीत होता. घरच्यांनीं समजूत घातली, झोंपेच्या गोळ्या दिल्या. शेवटीं तो झोंपला, किंचाळला, आणि गतप्राण झाला. त्यानें न गिळतां लपविलेल्या गोळ्या आणि कॉफीचें भांडें मागाहून त्याच्या खोलींत सांपडलें. अशा मृत्यूंपैकीं पुष्कळांचें मूळ हृदयाच्या ठोक्यांतील एका जन्मजात दोषांत असावें, असें वैद्यकशास्त्र आतां मानतें. परंतु क्रेव्हन यांच्या मनांत रुतून बसली ती एकच गोष्ट: मुलगा खरें सांगत होता, आणि प्रेमळ आईबापांनीं तें ऐकलें नाहीं.

चित्रपटाची कथा याच गोष्टीभोंवतीं गुंफलेली आहे. एका गांवांतील चार तरुण मुलामुलींना एकच भाजक्या चेहऱ्याचा, बोटांना सुऱ्यांची पातीं लावलेला पुरुष स्वप्नांत दिसूं लागतो; आणि स्वप्नांत झालेली जखम जागेपणींही अंगावर उरते. हा फ्रेडी क्रूगर पूर्वी मुलांचे खून करणारा नराधम होता. झडतीच्या हुकुमावर योग्य जागीं सही नव्हती, एवढ्या कारणानें न्यायालयांतून तो सुटला. तेव्हां गांवांतील आईबापांनींच त्याला जिवंत जाळलें, आणि ती गोष्ट मुलांपासून कायमची लपविली. हरिश्चंद्रानें स्वप्नांत दिलेलें दान जागेपणीं पुरें केलें, ही कथा आपल्या घरोघरीं सांगितली जाते. येथें तिच्या नेमकें उलट घडतें. वडिलांनीं जागेपणीं केलेल्या कृत्याची फेड मुलांना स्वप्नांत करावी लागते. नायिका नॅन्सी हिची आई तिच्या रक्षणासाठीं खिडक्यांना लोखंडी गज बसविते. परंतु शत्रु आंतच असल्यामुळें गजांनीं कोंडली जाते ती मुलगीच.

पुष्कळ कंपन्यांनीं नाकारलेलें हें कथानक रॉबर्ट शे यांच्या न्यू लाइन या लहानशा कंपनीनें स्वीकारलें. पैसा अगदींच बेताचा, म्हणून युक्तीवर भर होता. एक संपूर्ण खोली चक्राप्रमाणें फिरणारी बांधली आणि कॅमेरा तिलाच खिळविला. त्यामुळें खोली फिरली तरी पडद्यावर ती स्थिर दिसे, आणि आंतील मुलगी मात्र भिंतीवरून छताकडे ओढली जात आहे असा भास होई. तीच खोली उलटी करून पलंगांतून उसळणारें रक्ताचें कारंजें दाखविलें. भिंतींतून डोकावणाऱ्या चेहऱ्यासाठीं भिंतीच्या जागीं ताणलें जाणारें कापड लावलें होतें, एवढेंच. फ्रेडीच्या अंगांतील लोंकरी सदऱ्याचे तांबडे व हिरवे पट्टेही, हे दोन रंग शेजारीं आले असतां दृष्टीस त्रासदायक होतात, असें वाचल्यावरून क्रेव्हन यांनीं योजिले होते.

रंगभूमीवर वध दाखवूं नये, असा आपल्या नाट्यशास्त्राचा दंडक आहे. त्या कसोटीवर हा चित्रपट उतरणार नाहीं; त्यांत बीभत्स पुष्कळ आहे. परंतु १९७८ च्या ‘हॅलोवीन’पासून सुरी घेऊन हिंडणाऱ्या खुन्यांचे जे चित्रपट निघत होते, त्यांतील खुनी देहधारी असे, त्याच्यापासून निदान पळतां येई. झोंपेपासून पळून कोण कोठवर जाणार? बीभत्स विसरला जातो; हा भयानक रस मात्र मनांत राहतो.

चित्रपटास अपार यश मिळालें. न्यू लाइनला ‘फ्रेडीनें बांधलेलें घर’ असें लोक म्हणूं लागले. एकामागून एक भाग निघाले. मुंबईच्या रामसे बंधूंनींही ‘महाकाल’ या हिंदी चित्रपटांत हीच कल्पना उचलली. परंतु त्या भागांगणिक रॉबर्ट एंग्लंड या कसलेल्या नटानें रंगविलेला फ्रेडी विनोद करूं लागला. बालघातक्याची खेळणीं झालीं. लोकप्रियतेनें भय बोथट होतें, याचें याहून बोलकें उदाहरण विरळा. तरीही मूळ चित्रपटाची योग्यता कमी झाली नाहीं. २०२१ सालीं अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयानें जतन करण्याच्या राष्ट्रीय चित्रपटांच्या यादींत त्याचा समावेश केला.

नॅन्सी अखेरीस शस्त्रानें जिंकत नाहीं. आधीं ती आईकडून सत्य वदवून घेते. मग त्या पिशाचाकडे पाठ फिरवून, मीं तुला दिलेलें बळ परत घेतें, असें सांगते. तेथेंच कथा संपावी असें क्रेव्हन यांना वाटत होतें. शेवटचा दचका शे यांच्या आग्रहास्तव, पुढील भागाची सोय म्हणून जोडला गेला.

आपल्या एकत्र कुटुंबांतही ‘मुलांसमोर बोलूं नये’ अशा पुष्कळ गोष्टी असतात: कोणाचें आजारपण, कोणाचें कर्ज, कोणीं घर कां सोडलें. त्या लपविण्यांत हेतु वाईट नसतो. परंतु मुलांना शब्द ऐकूं आले नाहींत तरी कुजबूज ऐकूं येतेच, आणि राहिलेला भाग तीं अंधारांत आपल्या कल्पनेनें भरून काढतात. तेव्हां रात्रीं दचकून उठलेल्या मुलास ‘कांहीं नाहीं, झोंप’ असें म्हणण्यापूर्वी, ‘काय पाहिलेंस?’ असें विचारावें, आणि तें सांगेल तें पुरतें ऐकून घ्यावें.