उसना पंप? नको गं बाई!

धाकटीच्या वेळी मला शाळेत पुन्हा रुजू व्हायचे होते. आमच्या श्रीपुरातल्या शेजारच्या वहिनींनी दूध काढायचा आपला वापरलेला पंप मायेने पुढे केला. "उकळून घे, झालं!" पण बाटली उकळता येते, मोटार नाही. आत शिरलेला दुधाचा थेंब तिथेच नासतो, बुरशी धरते. रुग्णालयातले अनेकींसाठीचे पंप वेगळे. तिथेही प्रत्येकीची नळी-बाटली स्वतंत्र लागते. मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ साली दूधपेढी निघाली. दुसरीचे दूध बाळाला द्यायचे तर ते आधी ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवतात! घरी हे कसे जमणार?

मी साबणाने हात धुऊन, उकळलेल्या वाटीत हातानेच दूध काढी. आधी थेंबच पडले, आठवड्यात हात बसला. वहिनींना म्हटले, "पंप राहू द्या, जुनी झबली तेवढी द्या!"